पात्यावरचा ‘कुत्रा’ आणि १४१४ : तलवार नेमकी कुठली?

प्रश्न : आमच्या घरी (पुरंदर तालुका) पिढ्यान्‌पिढ्या एक तलवार आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते. पातं सरळ, साधारण तीन फुटांचं. मूठ लोखंडी, हात झाकणारी, वर टोकदार दांडी. पात्याच्या वरच्या भागात पितळी रेघांनी काढलेला कुत्र्यासारखा प्राणी आणि त्याच्याजवळ १४१४ हा आकडा, इंग्रजी वळणाचा. घरात सांगतात की हा खंडोबाचा कुत्रा आणि साल शके १४१४. थोरल्या काकांच्या मते तलवार वसईच्या मोहिमेतून आली. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी येऊन गेला. ‘शिवकालीन आहे, दहा लाख देतो, फक्त बफ मारून चकचकीत करून द्या,’ म्हणाला. तलवार कुठली, किती जुनी, आणि साफ करायची तर कशी?

उत्तर : बफ मारू नका. बाकीचं सगळं सावकाश बघता येईल, पण बफिंगच्या चाकाखाली एकदा पातं गेलं की त्यावरचं जे वाचायचं ते दहा मिनिटांत पुसलं जातं आणि परत आणता येत नाही. पात्याचा काळसर तपकिरी थर, पन्हळीची, म्हणजे पात्यावरच्या खोलगट पट्ट्याची, घासून बोथट झालेली कड, पितळी रेघेच्या शेजारचे छिन्नीचे ओरखडे, हेच तुमच्या तलवारीचे कागदपत्र आहेत.

आता प्राणी. तो बहुधा कुत्रा नाही, लांडगा आहे, आणि जेजुरीचा नाही, जर्मनीचा आहे. डॅन्यूब नदीवरचं पासाउ आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यातलं सोलिंगन ही पाती घडवणारी दोन जुनी गावं. पासाउच्या कारागिरांची खूण धावता लांडगा. पुढे सोलिंगनवाल्यांनी ती सर्रास उचलली आणि शतकानुशतकं वापरली. ही खूण ठशाने उमटवलेली नसते. छिन्नीचे दहाबारा फटके मारून प्राणी ‘लिहिलेला’ असतो आणि त्या खाचांत पितळ किंवा तांबं ठोकून बसवलेलं असतं. म्हणूनच तो कधी कुत्रा वाटतो, कधी घोडा, कधी नुसत्या काड्या.

१४१४ हा आकडाही त्याच घराण्यातला. लांडग्याच्या खुणेसोबत तो जर्मन पात्यांवर वारंवार सापडतो, आणि तो बनावटीचं साल नाही. पात्याला बळ देणारा, शुभ मानलेला आकडा म्हणून तो कोरला जाई, असंच जाणकार मानतात. शंभर-दोनशे वर्षांनंतरच्या पात्यांवरही तोच आकडा दिसतो, यावरून काय ते समजा.

तरी कालगणना तपासून बघायची सवय चांगली, कारण दुसऱ्या एखाद्या तलवारीवर खरंच साल असू शकतं. शके असेल तर ७८ मिळवा: १४१४ म्हणजे इ. स. १४९२-९३. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. युरोपी पाती समुद्रमार्गाने कोकणात मोठ्या संख्येने येऊ लागली ती त्यानंतर, त्यामुळे हिशेब बसत नाही. विक्रम संवत धरला तर ५७ वजा करून १३५७, तोही नाही. मराठी दप्तरातला सुहूर सन धरला तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे २०१३-१४, आणि हिजरी १४१४ म्हणजे १९९३-९४! शिवाय आपल्याकडच्या लेखात आकडा सहसा एकटा नसतो. मागेपुढे ‘शके’ किंवा ‘सन’ असतं, नाव असतं, निदान ‘श्री’ तरी असते, आणि अंक देवनागरी किंवा फारसी असतात.

म्हणजे तलवार जर्मन झाली का? अर्धी. अशा हत्याराची पाती, मूठ आणि खुणा यांची चौकशी वेगवेगळी करावी लागते. तुमच्या वर्णनावरून पातं युरोपी आणि मूठ इथली, म्हणजे आपल्याकडे जिला ‘फिरंग’ म्हणतात ती ही तलवार. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि मागाहून इतर युरोपी व्यापाऱ्यांनी आणलेली नुसती पाती गोवा, चौल, वसई, सुरत अशा बंदरांत उतरत, आणि इथले कारागीर त्यांना इथल्या हाताला सवयीची मूठ चढवत. ही काही दुय्यम, जोडाजोडीची चीज नव्हे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे. पातं युरोपी, मूठ मुल्हेरी पद्धतीची, तिच्यावर सोन्याचं काम. पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेना साहेब सुभा फिरंग’ असं लिहिलं आहे. मालकाने स्वतःच तिला फिरंग म्हणवून घेतलं, लपवलं नाही.

पण लांडगा दिसला म्हणून पातं सोलिंगनचंच, असं लगेच म्हणू नका. चांगल्या खुणेची नक्कल सगळीकडे झाली, कॉकेशसमध्ये झाली, आपल्याकडेही झाली. तेव्हा आता घरच्या घरी काय तपासायचं ते सांगतो. साहित्य: सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे, शिंप्याची टेप, व्हर्नियर कॅलिपर (साधा प्लास्टिकचा चालेल), दहापट दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, ट्रेसिंग पेपर आणि मऊ पेन्सिल. मोजे यासाठी की हाताच्या घामातल्या मिठाने पोलादावर बोटांचे ठसे गंजून उमटतात.

तलवार जाड सतरंजीवर आडवी ठेवा. पात्याची लांबी मुठीच्या आडव्या तबकडीपासून टोकापर्यंत मोजा. मग जाडी तीन जागी मोजा: मुठीपासून पात्यावर उतरलेल्या पट्ट्या संपतात तिथे, मध्यावर, आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. या तीन आकड्यांत बरंच काही कळतं. हाताने घडवलेलं युद्धाचं पातं वरून खाली पातळ होत जातं: मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर असेल तर टोकाशी दोनच्या आसपास. अलीकडे शोभेसाठी पत्र्यातून कापलेल्या तलवारीची जाडी सगळीकडे जवळपास एकच, तीन तर तीन. तिला टोकाकडे अंग नसतं, नुसता आकार असतो. वजनही करा. अशा फिरंगी साधारणपणे एक ते सव्वा किलोच्या आसपास भरतात. दोन किलोची ‘युद्धातली’ तलवार कोणी दाखवली तर ती कोणी एका हाताने किती वेळ चालवली असती, एवढं त्याला विचारा.

आता पन्हळी. म्हणजे पात्याच्या लांबीला धरून गेलेले खोलगट पट्टे. युरोपी पात्यावर त्या एक, दोन किंवा तीन असतात, बऱ्याचदा अरुंद, कडा नेमक्या, आणि पात्याच्या वरच्या भागातच संपणाऱ्या. आपला खंडा वेगळा: टोकाकडे रुंद होत जातो, टोक बोथट-गोलसर, आणि पात्याच्या कडेने मजबुतीच्या पट्ट्या रिव्हेट केलेल्या. तुमचं पातं टोकाकडे निमुळतं होत असेल आणि अशा पट्ट्या नसतील तर ते फिरंगेच्या बाजूचं.

खूण वाचण्यासाठी खोलीत अंधार करा आणि टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. वरून पडलेल्या उजेडात जे सपाट दिसतं ते आडव्या उजेडात उठून येतं. भिंगाखाली लांडग्याची एक रेघ घ्या आणि फक्त तिच्याकडेच बघा. जुन्या कामात पितळ पात्याच्या पृष्ठभागाशी सपाट, कारण ते पातं घासतानाच घासलं गेलेलं असतं. रेघेचा तुकडा कुठे तरी गळून गेलेला असतो. तिथे रिकामी खाच दिसते, तळाशी छिन्नीच्या पायऱ्या दिसतात, आणि खाचेची एक कड दुसरीपेक्षा तिरपी असते. पितळ आणि पोलाद यांच्या मधोमध बारीक काळी रेषा असते. तीत गंज साठलेला असतो, पितळावर पसरलेला नसतो. नव्या नकलेत खोली सगळीकडे एकसारखी, कडा मशीनच्या, आणि पितळाच्या जागी बऱ्याचदा नुसता सोनेरी रंग, जो खाचेबाहेरही सांडलेला सापडतो. दुसऱ्या बाजूलाही बघा, खूण बऱ्याचदा दोन्हीकडे असते. ट्रेसिंग पेपर वर धरून पेन्सिल हलकी फिरवली की ठसा निघतो. खडूची पेस्ट, पीठ, हळद असलं काहीही खाचेत भरू नका.

इतर खुणा शोधताना मुठीच्या या पट्ट्यांच्या आसपास नीट बघा. दातेरी कड असलेल्या दोन कोयत्यांसारख्या चंद्रकोरी समोरासमोर दिसल्या तर ती मूळ उत्तर इटलीकडची, जिनोव्याच्या नावाशी जोडलेली खूण. पण हिची नक्कल सोलिंगनमध्येही झाली आणि भारतातही अमाप झाली, त्यामुळे नुसत्या कोरींवर निकाल देऊ नये. गोल आणि त्यावर क्रूस असेल तर सोलिंगनची शक्यता वाढते. ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव असेल तर हुरळून जाऊ नका. इटलीतल्या बेल्लुनोच्या या सोळाव्या शतकातल्या कारागिराचं नाव सोलिंगनवाल्यांनी हजारो पात्यांवर टाकलं. स्पॅनिश नावांचंही तेच झालं. रोमन अक्षरं चुकीची किंवा उलटी असली की लोक म्हणतात, ‘नक्कल इथल्या लोहाराची, त्याला वाचता येत नव्हतं.’ असेल. पण सोलिंगनच्या कारागिरांनाही परकी नावं धड लिहिता येत नव्हती! अक्षराची चूक हा पुरावा नाही. अक्षर उमटवण्याची पद्धत पुरावा ठरते. युरोपी पात्यावर अक्षरं सहसा पन्हळीत, ठशाने, एका ओळीत बसवलेली असतात.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, म्हणजे जौहर, दिसतो का तेही बघा. तो दिसला तर आतापर्यंतचा सगळा अंदाज फिरवावा लागेल, कारण ते मुशीतलं पोलाद. ते दख्खनमध्ये तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत होई, जर्मनीत नव्हे. तो पाहण्यासाठी लिंबू, व्हिनेगर, फेरिक क्लोराइड मात्र लावायचं नाही. ते काम संवर्धकाचं.

मूठ. तुमच्या मुठीचे भाग असे ओळखा: आडवी रुंद तबकडी, तिच्यापासून बोटांवरून वर जाणारी रुंद पट्टी, माथ्यावर बशीसारखी चकती, चकतीतून निघालेली थोडी वाकलेली टोकदार दांडी (दोन हातांनी वार करताना दुसरा हात हिच्यावर), आणि खाली पात्याच्या दोन्ही अंगांना उतरलेल्या, रिव्हेटने आवळलेल्या पट्ट्या. ही ठेवण सतराव्या-अठराव्या शतकात दख्खनमध्ये आणि राजपुतान्यातही होती. म्हणून नुसत्या आकारावरून ‘मराठा मूठ’ म्हणता येत नाही. जोड मात्र बोलका असतो. रिव्हेटचं भोक पन्हळीच्या मधूनच गेलंय का? पट्टीखाली एखादी खूण अर्धी झाकली गेलीय का? पट्टीच्या कडेला पात्याचा बिनधारेचा चौकोनी भाग डोकावतोय का? यातलं काही आढळलं तर मूठ मागाहून चढवली हे पक्कं, कारण पातं घडवणारा स्वतःची खूण झाकायला देत नाही. मुठीच्या आत जुन्या मखमलीचा किंवा गोधडीसारखा अस्तराचा तुकडा चिकटलेला असेल तर तो कितीही मळका असो, काढू नका.

सोन्याचांदीचं काम असेल तर भिंगातून झिजलेल्या जागी बघा. खऱ्या कोफ्तगरीत लोखंडावर आधी जाळीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा मारतात आणि त्यांवर तार ठोकतात, त्यामुळे सोनं उडालं तरी जाळी उरते. नुसत्या मुलाम्याखाली गुळगुळीत लोखंड निघतं. टिंबटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं दिसली तर त्यांचा फोटो सगळ्यांत आधी काढा. शस्त्रागारांच्या नोंदी अशा असत. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या दख्खनी हत्यारांवर १६८९ च्या, आंध्रातल्या अदोनी किल्ल्याच्या लुटीची नोंद अशीच टिंबांत आहे, आणि त्या एका ओळीमुळे त्या हत्यारांचा काळ आणि ठिकाण दोन्ही पक्कं झालं.

आता काकांची वसई. चिमाजी अप्पांनी वसई घेतली मे १७३९ मध्ये, आणि पोर्तुगीज घंटा तिथून येऊन आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकचं नारोशंकर आणि भीमाशंकर ही ठळक उदाहरणं. तेव्हा तलवार येणं अशक्य नाही. पण पोर्तुगीज शिपायाच्या कमरेची तलवार लुटीत आली असती तर मूठ युरोपी असती. इथे मूठ दख्खनी आहे. म्हणजे एकतर १७३९ नंतर ती बदलली, नाहीतर पातं मुळात व्यापारातून आलं आणि वसईशी संबंध नंतर जोडला गेला. यातलं खरं काय ते तलवार सांगणार नाही, कागद सांगेल. घरात मोडीतल्या कागदांचे रुमाल (गठ्ठे), इनामाची सनद, वाटणीपत्र, जुनी यादी काही असेल तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. वाटण्यांच्या कागदांत हत्यारांची नोंद असते, आणि ‘फिरंग १’ एवढे दोन शब्द मिळाले तरी पुष्कळ झालं. आणि खंडोबाचा कुत्रा म्हणून पूजा होत आली ती खुशाल होऊ द्या. तोही त्या तलवारीचा इतिहासच आहे, फक्त पात्याच्या जन्माचा नव्हे.

काळाबद्दल: लांडगा, १४१४, सरळ निमुळतं पातं आणि ही मूठ एवढं सगळं अस्सल निघालं तर पातं सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध ते अठराव्याची सुरुवात, आणि मूठ सतरावं-अठरावं शतक. याहून बारीक तारीख फोटोवरून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ‘शिवकालीन’ हे त्या पट्ट्यात बसतं, पण सिद्ध होत नाही.

साफसफाई कमीत कमी. तुमच्याकडे दरवर्षी तेल, हळदकुंकू आणि नारळाचं पाणी लागत असणार. त्यात सगळ्यांत घातक नारळाचं पाणी, कारण त्यात क्षार असतात. वाळल्यावर ते ओल ओढत राहतात आणि त्या थेंबाखाली खड्डा पडतो. खाद्यतेल वर्षानुवर्षांत चिकट होऊन वार्निशसारखं बसतं आणि धूळ धरतं. हा थर काढायला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन सुती फडक्यावर घ्या. आधी बोटभर जागेवर लावून बघा, मग पात्यावर, मुठीपासून चार बोटं दूर. खूण आहे तिथे फडकं फिरवू नका, कापसाची काडी टेकवून उचला. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा गरम पाणी मुठीजवळ नेऊ नका. भारतीय मुठींत पात्याची शेपटी लाखेत बसवलेली असते. स्पिरिटने लाख विरघळते, उष्णतेने मऊ होते आणि पातं डुगडुगायला लागतं. (तसं डुगडुगत असेल तर घरी डिंक-एपॉक्सी भरू नका.)

मग शिवणयंत्राचं तेल, एका बाजूला तीन-चार थेंब, पसरून चोवीस तास ठेवा आणि पुसून काढा. लाल, भुकटीसारखा सुटणारा गंज तेवढा बांबूच्या काडीने हलकेच खरवडा. घट्ट बसलेला काळा थर तसाच राहू द्या, तोच पात्याचं रक्षण करतोय. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, सँडपेपर, तारेचा ब्रश यांपैकी काहीही नाही. पितळी लांडगा चमकवण्याचा मोह तर अजिबात नको. वाकवून लवचिकपणा बघणं, नाणं कापून बघणं हे प्रकारही बंद. जुन्या पात्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असते. लोहचुंबकाने काहीच कळत नाही, पोलाद जर्मन असो की जुन्नरचं, चिकटणारच.

पुढच्या खंडेनवमीला तलवार पाटावर कोऱ्या कापडावर ठेवा, हळदकुंकू पाटाला वाहा, नारळ बाहेर अंगणात फोडा. एरवी म्यानात ठेवू नका, चामडं आणि लाकूड दोन्ही ओल धरतात. तेलाचा हात दिलेलं पातं सुती कापडात गुंडाळून बंद पेटीत, सोबत अडीचशे ग्रॅम सिलिका जेल. पावसाळ्यात दर पंधरवड्याला दाणे बघा, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून वाळवा.

आता व्यापारी. शंभर वर्षांपेक्षा जुनी असली की तलवार १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली येते. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो आधी बघायला मागा. परदेशी नेणं खाजगी माणसाला बंद आहे. अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेतूनही नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच, तेव्हा वारसाहक्काने आलेली आहे असं लिहून, फोटो आणि मापांसह, स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तलवार कुठे दाखवायला न्यायची असेल तर गुंडाळून, त्या अर्जाची प्रत बरोबर ठेवून. हातात धरून फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस महागात पडते. आणि हो, शेतात नांगरताना सापडलेली असती तर मामला वेगळा झाला असता. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं काहीही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

जाणकारांकडे पाठवायला आठ फोटो पुरतात: पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी, मूठ समोरून आणि बाजूने, पट्ट्यांचा जोड, लांडगा आणि आकडा आडव्या उजेडात दोन्ही बाजूंनी, आणि टोक. प्रत्येकात मोजपट्टी दिसू द्या. सोबत लांबी, तीन जाड्या, वजन. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय यांना लिहा. खुणेसाठी सोलिंगनमधल्या जर्मन पाती संग्रहालयाला इंग्रजीत ईमेल पाठवली तरी चालेल. संग्रहालयं ओळख सांगतात, किंमत सांगत नाहीत. किमतीचं बोलायचं तर रघूजींच्या तलवारीचे सत्तेचाळीस लाख तिच्यावरच्या नावाचे आणि पक्क्या वारशाचे आहेत. बिननावाच्या फिरंगेला कोणी न तपासता दहा लाख देत असेल आणि वर ती चकाचक करून मागत असेल, तर तो पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगून विकणार आहे, याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.